जुन्या हाताचें मोल

ह्या सदरांत आम्हीं आजवर नाना विषयांस हात घातला. परंतु बेसबॉल नांवाच्या खेळाविषयीं लिहिण्याचा प्रसंग आमच्यावर येईल, असें स्वप्नांतहि वाटलें नव्हतें. ज्याचें आयुष्य मुलांकडून शब्दरूपें व धातुरूपें घोकून घेण्यांत गेलें, त्यानें अमेरिकेंतील चेंडूफळीवर मत द्यावें, हा कित्येक वाचकांस अव्यापारेषु व्यापार वाटेल. पण विषय दिसतो तितका परका नाहीं. जुन्या, कसलेल्या माणसाचें मोल कसें ठरवावें, आणि तें कोणीं ठरवावें, हा प्रश्न जसा मैदानावर आहे तसाच आपल्या माजघरांतहि आहे. म्हणून वाचकांनीं थोडा धीर धरावा, एवढीच विनंति.

इ. स. २०१७ चा उन्हाळा. आम्हांस शाळेंतून निवृत्त होऊन पुरतें वर्षहि झालें नव्हतें. आमच्या थोरल्या बंधूंचे चिरंजीव मिशिगन संस्थानांत डेट्रॉइट शहराजवळ मोटारींच्या धंद्यांत अभियंते आहेत. त्यांनीं आग्रहानें आम्हां उभयतांस तिकडे नेलें. हा पुतण्या वयानें आमच्याहून नऊच वर्षांनीं लहान. एकत्र कुटुंबांत काका-पुतण्ये असे पाठोपाठ वाढतात, हें वाचकांस सांगावयास नको. घरांत तो, सूनबाई व चौदा वर्षांचा नातू अशीं तीन माणसें. ऑगस्टांत त्या घरीं रोज रात्रीं जेवतांना एकच वाद चाले : वर्लंडरला विकावें कीं ठेवावें? पहिले दोन दिवस आमची अशी समजूत होती कीं, हें एखाद्या जुन्या मोटारीविषयीं चाललें आहे. तिसऱ्या दिवशीं कळलें कीं, वर्लंडर हा माणूस आहे.

नातवानें मग आम्हांस विद्यार्थी करून घेतलें. क्रिकेटांत जो गोलंदाज, तो बेसबॉलांत पिचर. मातीच्या लहानशा उंचवट्यावर उभा राहून, साठ फूट सहा इंच अंतरावरून, टप्पा न पाडतां तो चेंडू फेंकतो. आपला गोलंदाज सहा चेंडू टाकून विसावतो; येथें तशी सोय नाहीं. सामन्याचा आरंभ करणारा पिचर थकेपर्यंत डावामागून डाव एकटाच फेंकीत राहतो. खांद्यावर व कोपरावर एवढा ताण पडतो कीं, एकदां फेंकल्यावर त्यास बहुधा चार दिवस विश्रांति द्यावी लागते. संघाचे वर्षाचे सामने १६२. त्यांत असा पिचर तीस-तेहतीस वेळां उतरतो. म्हणून पिचराचें वय जन्मपत्रिकेवरून मोजीत नाहींत, हातावरून मोजतात.

जस्टिन वर्लंडर हा डेट्रॉइटच्या टायगर्स संघाचा पिचर. २००४ सालच्या नवोदितांच्या निवडींत संघानें त्यास उचललें. २००६ सालीं तो उत्कृष्ट नवोदित ठरला. २०११ सालीं त्यानें २४ सामने जिंकले, पांचच हरले, आणि उत्कृष्ट पिचराचा साय यंग पुरस्कार व सर्वोत्तम खेळाडूचा मान हे दोन्ही एकाच वर्षीं मिळविले. २०१३ सालीं संघानें त्याच्याशीं सात वर्षांचा, १८ कोटि डॉलरांचा करार केला. त्या वेळपर्यंत कोणाहि पिचरास एवढी रक्कम मिळाली नव्हती.

परंतु करार लिहिला जातो भरतीच्या दिवसांत, आणि फेडावा लागतो ओहोटीच्या दिवसांत. २०१७ सालीं वर्लंडर चौतीस वर्षांचा होता. हौसेनें खर्च करणारे संघाचे वृद्ध मालक माइक इलिच त्याच फेब्रुवारींत निवर्तले होते. संघ तळाकडे घसरत होता. डेट्रॉइटसाठीं त्या वर्षीं वर्लंडरनें दहा सामने जिंकले, आठ हरले, व नऊ डावांमागें सरासरी ३.८२ धावा दिल्या. कामगिरी वाईट नव्हे. पण पुढील दोन्ही वर्षीं त्यास प्रत्येकीं २ कोटि ८० लक्ष डॉलर द्यावयाचे होते, आणि त्या रकमेपुढें ती फिकी दिसे.

आतां हंगाम अर्धा उलटल्यावर खेळाडू विकावयाचा कां, हेंहि सांगितलें पाहिजे. तोंवर कोण जिंकणार व कोण बुडणार हें स्पष्ट झालेलें असतें. जिंकणाऱ्यास आजच्या आज कसलेला हात हवा असतो. बुडणाऱ्यास उद्यांचीं कोंवळीं पोरें हवीं असतात. अशा दोन गरजवंतांमध्यें ही अदलाबदल होते. त्या काळीं जुलैअखेर पहिली मुदत संपे. त्यानंतर ऑगस्टअखेरपर्यंतहि व्यवहार करतां येई, पण आधीं इतर संघांना त्या खेळाडूवर हक्क सांगण्याची संधि द्यावी लागे. आणि हक्क सांगणाऱ्यास सगळा करार गळ्यांत पडण्याची तयारी ठेवावी लागे. (ही दुसरी मुदत २०१९ पासून रद्द झाली.) वर्लंडरचें नांव असें पुढें आलें तेव्हां उरलेल्या एकोणतीस संघांपैकीं एकानेंहि हक्क सांगितला नाहीं. देशांतल्या नामांकित पिचरास पूर्ण वेतनावर घ्यावयास कोणी तयार होईना!

नातवाचा पक्ष असा कीं, ज्यानें बारा-तेरा वर्षें ह्या गांवासाठीं हात झिजविला, त्यास उतरत्या काळांत विकणें ही कृतघ्नता होय. "आजोबा, तो आमचा आहे," एवढेंच तो म्हणे, व ह्या एका वाक्यांत त्याचा सारा युक्तिवाद येई.

पुतण्याचा पक्ष हिशेबाचा. तो म्हणे, खेळाडूचें बाजारमोल म्हणजे त्याचें कौशल्य नव्हे. पुढें तो जें काम देईल त्याची किंमत धरा, तींतून त्यास द्यावयाचें वेतन वजा करा; जी बाकी उरेल तें त्याचें मोल. नवा खेळाडू वरच्या लीगमधील पहिलीं सुमारें सहा वर्षें संघाशीं बांधलेला असतो, व आरंभीं त्यास किमान वेतन मिळतें. म्हणून ज्याचें नांव कोणी ऐकलेलें नाहीं अशा एकोणीस वर्षांच्या पोराचें मोल नामांकित पिचराहून अधिक भरूं शकतें. आणि वर्लंडरची बाकी वाढवावयाची तर एकच उपाय : त्याच्या वेतनाचा कांहीं भाग डेट्रॉइटनेंच भरावा. तुम्ही जितके पैसे सोबत द्याल तितकीं चांगलीं पोरें समोरून येतील.

आपला माल न्यावा म्हणून आपणच गिऱ्हाइकास पैसे द्यावयाचे, हें ऐकून आम्ही थक्क झालों. पण विचार केला तेव्हां पटलें. करार मोडतां येत नाहीं. पैसे कोणत्याहि वाटेनें जावयाचेच आहेत. ते घरीं बसून खर्चावे, कीं त्यांच्या बदल्यांत पोरें मिळवावीं, एवढाच प्रश्न.

मग पुतण्यानें त्या गांवची जुनी गोष्ट काढली. ती अशी : १९८७ च्या ऑगस्टांत ह्याच डेट्रॉइट संघास विजयासाठीं एका पिचराची निकड होती. संघानें अटलांटाकडून डॉइल अलेक्झांडर नांवाचा छत्तीस वर्षांचा पिचर आणला, आणि बदल्यांत जॉन स्मोल्ट्झ नांवाचा वीस वर्षांचा मुलगा दिला. हा मुलगा मिशिगनचाच. दुय्यम संघांतील त्याचे आंकडे तेव्हां सामान्य होते. अलेक्झांडरनें येतांच नऊ सामने जिंकले, एकहि हरला नाहीं. संघ टोरोंटोहून दोनच सामन्यांनीं पुढें राहून आपल्या विभागांत पहिला आला. पण पुढच्या फेरींत मिनेसोटानें त्यांस हरविलें, व अलेक्झांडर आपले दोन्ही सामने हरला. दोन वर्षांनीं तो निवृत्त झाला. आणि स्मोल्ट्झ? तो अटलांटासाठीं दोन दशकें खेळला, १९९६ सालीं साय यंग पुरस्काराचा मानकरी झाला, एकंदर २१३ सामने जिंकला, व २०१५ सालीं त्या खेळाच्या कीर्तिमंदिरांत त्याची स्थापना झाली.

"काका, तेव्हां आम्हीं म्हातारा घेतला नि पोर घालविलें," पुतण्या म्हणाला, "आतां म्हातारा देऊन पोरें घेण्याची पाळी आमची."

आम्ही मध्यस्थ. आम्हांस ह्या दृष्टान्तांत हेत्वाभास दिसला. अलेक्झांडरनें ज्यासाठीं आणला तें काम केलें होतें. नऊपैकीं दोन सामने तो हरता तर संघ एकटाच पहिला येताना. पुढें स्मोल्ट्झ एवढा मोठा होईल, हें त्या दिवशीं कोणाच्या हातांत नव्हतें. व्यवहार शहाणपणाचा होता कीं नव्हता हें त्या दिवशींच्या ज्ञानावरून ठरवावें. फळ कसें आलें ही पुष्कळदां काकतालीय गोष्ट असते. हें आम्हीं सांगितलें, आणि मध्यस्थाचें काम उरकलें अशा समजुतीनें ताकाची वाटी उचलली.

तोंच सूनबाई, ज्या तोंवर वाढण्यांत गुंतल्या होत्या, म्हणाल्या, "काका, रोज ऐकतें आहें. ठेवावें कीं विकावें, द्यावें कीं घ्यावें. पण त्या गृहस्थाला कोणीं विचारलें आहे का?"

पंगत क्षणभर गप्प झाली. मग नातू उत्साहानें म्हणाला, "विचारावेंच लागतें! त्याच्या संमतीवांचून त्याला देतां येत नाहीं."

तें कसें, याची चौकशी केली तेव्हां जी हकीकत कळली ती आमच्या मतें ह्या सर्व विषयाचें मर्म आहे. पूर्वीं बेसबॉलचा खेळाडू आपल्या संघाशीं जणूं जन्माचा बांधलेला असे. संघ त्यास हवें तेव्हां, हवें तिकडे देई. त्याचें त्यांत कांहीं चालत नसे. १९६९ सालीं सेंट लुईसच्या कर्ट फ्लड ह्या खेळाडूस, बारा वर्षें एका संघांत काढल्यावर, फिलाडेल्फियास देऊन टाकलें. त्यानें जाण्याचें नाकारलें. आपण खरेदीविक्रीची वस्तु नाहीं, ह्या भूमिकेवर तो वरिष्ठ न्यायालयापर्यंत गेला. १९७२ सालीं पांचांविरुद्ध तीन मतांनीं तो हरला. त्याची खेळाची कारकीर्दहि बहुतेक तेथेंच संपली. परंतु दुसऱ्याच वर्षीं खेळाडूंच्या संघटनेशीं झालेल्या करारांत एक कलम आलें : ज्यानें वरच्या लीगमध्यें दहा वर्षें काढलीं, व त्यांतलीं शेवटचीं पांच एकाच संघांत, त्यास त्याच्या संमतीवांचून दुसऱ्यास देतां येणार नाहीं. पुढें १९७५ सालीं अँडी मेसरस्मिथ व डेव्ह मॅकनॅली ह्या दोन पिचरांच्या प्रकरणीं पंचानें निर्णय दिला, आणि जन्माचें बंधनहि सुटलें. फ्लड हरला, पण त्याच्या मागून येणारे जिंकले. वर्लंडर ह्या दहा-पांचांच्या कलमाचा धनी होता.

त्या रात्रीं नातू निजल्यावर पुतण्या आमच्याजवळ ओसरीसारख्या त्यांच्या लाकडी व्यासपीठावर येऊन बसला. त्याच्या कंपनीनें पन्नाशीच्या आसपासच्या अभियंत्यांपुढें दोन पर्याय ठेवले होते : दुसऱ्या संस्थानांतील कारखान्यांत जावें, किंवा एकरकमी पैसे घेऊन मोकळें व्हावें. "माझ्या पगारांत दोन तरुण येतात, काका," तो म्हणाला. "आंकडे बरोबर आहेत. मी स्वतःच ते मांडून पाहिले. म्हणूनच झोंप येत नाहीं."

तेव्हां आम्हांस कळलें कीं, इतके दिवस पंक्तींत तो मालकांचा पक्ष एवढ्या हिरिरीनें कां मांडीत होता. तो वर्लंडरविषयीं बोलत नव्हता. आपल्याविरुद्ध काय काय बोललें जाईल, तें आपल्याच तोंडानें म्हणून पाहत होता.

आम्हांसहि त्या वर्षीं असाच अनुभव आला होता. निवृत्तीच्या वेळीं चालकांनीं आमच्या गुणांचें वर्णन करून शाल-श्रीफळ दिलें. पण पुढील वर्षाच्या संस्कृतच्या तासांची वांटणी आम्हांस न विचारतां आधींच झालेली होती. आमच्या जागीं आलेला तरुण हुशार आहे, हें आम्ही मोकळ्या मनानें सांगतों. तास गेल्याचें दुःख नव्हतें. वर्षभर आधीं कोणी येऊन "मास्तर, पुढें काय करावें म्हणतां?" असें विचारतें, तर आम्हीं स्वतःच त्या तरुणाचें नांव सुचविलें असतें. म्हणून पुतण्यास आम्हीं हिशेब चुकला आहे असें सांगितलें नाहीं. एवढेंच म्हणालों कीं, "तुझी संमति ही तुझ्या हातांतली शेवटची पुंजी आहे. ती फुकट देऊं नकोस, नि रागानें जाळूंहि नकोस."

ऑगस्टची एकतिसावी रात्र आली. व्यवहार मध्यरात्रीपर्यंत पुरा होणें अवश्य होतें. ह्यूस्टन शहरास नुकताच हार्वी वादळाचा तडाखा बसला होता, आणि त्या पुरांत सांपडलेल्या शहराच्या संघानें वर्लंडरची मागणी केली होती. तो अगदीं अखेरपर्यंत विचार करीत होता. नातू डोळे ताणून जागा. मुदत संपावयास अवघे कांहीं क्षण उरले असतां वर्लंडरनें होकार दिला. त्याच्या बदल्यांत डेट्रॉइटला तीन पोरें मिळालीं : एकोणीस वर्षांचा पिचर फ्रँकलिन पेरेझ, वीस वर्षांचा डॅझ कॅमेरॉन व बावीस वर्षांचा जेक रॉजर्स. डेट्रॉइटनें २०१८ व २०१९ साठीं प्रत्येकीं ८० लक्ष डॉलर सोबत देण्याचें कबूल केलें. आणि वर्लंडरनें आपल्याकडून २०२० सालच्या २ कोटि २० लक्षांच्या सशर्त हक्कावर पाणी सोडलें. म्हणजे विकणाऱ्यानें दिलें, घेणाऱ्यानें दिलें, आणि ज्याची देवघेव झाली त्यानेंहि दिलें. नातू कांहीं न बोलतां निजावयास गेला.

पुढें काय झालें तें थोडक्यांत सांगतों. ह्यूस्टनला गेल्यावर हंगामाच्या उरलेल्या महिन्यांत वर्लंडरनें पांच सामने जिंकले, एकहि हरला नाहीं, आणि नऊ डावांमागें सरासरी १.०६ धावा दिल्या. ह्यूस्टननें त्या वर्षीं इतिहासांत प्रथमच अजिंक्यपद मिळविलें. त्या संघाच्या फलंदाजांना प्रतिपक्षाच्या खुणा कॅमेऱ्याच्या साहाय्यानें चोरून कळविल्या जात, हें २०२० सालच्या चौकशींत उघड झालें, व त्या विजयास कायमचा डाग लागला. परंतु वर्लंडरच्या फेंकीस त्या चोरीचा आधार नव्हता. २०१९ सालीं त्यास पुन्हां साय यंग पुरस्कार मिळाला. २०२० सालीं कोपरावर शस्त्रक्रिया झाली, २०२१ सालीं तो खेळला नाहीं, आणि २०२२ सालीं, एकोणचाळिसाव्या वर्षीं, अठरा सामने जिंकून त्यानें तोच पुरस्कार तिसऱ्यांदा मिळविला.

आणि पोरें? पेरेझ, ज्याच्यावर सर्वांत मोठी आशा होती, तो दुखापतींनीं ग्रासला, व वरच्या लीगमध्यें त्याच्या हातून एकहि चेंडू पडला नाहीं. कॅमेरॉन जेमतेम रुळला. रॉजर्सनें मात्र पुढें डेट्रॉइटचा यष्टिरक्षक म्हणून चांगलें नांव काढलें. मग पुतण्याचा हिशेब खोटा ठरला का? नाहीं. १९८७ प्रमाणेंच येथेंहि फळ कोणाच्या हातीं नव्हतें.

ह्याच वर्लंडरच्या आयुष्यांत हा खेळ पुन्हां एकदां झाला. २०२२ च्या अखेरीस न्यूयॉर्कच्या मेट्स संघानें त्याच्याशीं दोन वर्षांचा, साडेआठ कोटि डॉलरांहून अधिक रकमेचा करार केला. संघ चालेना, तेव्हां २०२३ च्या ऑगस्टच्या पहिल्या दिवशीं, चाळिसाव्या वर्षीं, त्यास पुन्हां ह्यूस्टनकडे धाडलें. ह्या वेळीं मेट्सनें सुमारें साडेतीन कोटि डॉलर सोबत दिले, व ड्रू गिल्बर्ट आणि रायन क्लिफर्ड हे दोन तरुण घेतले. दैवाची मौज अशी कीं, २०२५ सालीं बेचाळीस वर्षांचा वर्लंडर सॅन फ्रान्सिस्कोसाठीं फेंकीत असतां हा गिल्बर्टहि त्याच संघांत येऊन दाखल झाला. ज्याच्या बदल्यांत ज्याला दिलें, ते दोघे एका रंगाचे कपडे घालून एका बाजूस उभे!

आतां आमचा निर्णय. जुन्या माणसाच्या बाबतींत तीन खातीं असतात, आणि तीं एकमेकांत मिसळूं देऊं नयेत. पहिलें खातें त्याच्याकडून पुढें होणाऱ्या कामाचें. तेथें हिशेब कठोर असावा, आणि पुतण्याचें म्हणणें तेथें खरें. दुसरें खातें त्यानें पूर्वीं केलेल्या कामाचें. तें ऋण आहे, तें पुढील वेतनाच्या रूपानें फिटत नाहीं व बदलीनें बुडतहि नाहीं. नातवाचें म्हणणें तेथें खरें. पण ऋण मानावयाचें म्हणून माणसास जागेला खिळवून ठेवणें हा त्याचा सन्मान नव्हे. तिसरें खातें त्याच्या संमतीचें. आणि तें उघडें नसेल तर पहिल्या दोहोंतील जमाखर्च कितीहि चोख असला तरी तो व्यवहार गुरांच्या बाजारांतला होतो. हें सूनबाईंनीं एका वाक्यांत सांगितलें. ज्या देशांत माणसाची किंमत चारचौघांत डॉलरांत मोजतात, त्या देशानेंहि ह्या प्रश्नासाठीं एक कलम लिहून ठेविलें आहे. आपल्या घरांत वडील माणसानें थोरल्या मुलाकडे राहावें कीं धाकट्याकडे, गांवचें घर ठेवावें कीं विकावें, दुकानाची गादी कोणीं सांभाळावी, हे निर्णय आपण पुष्कळदां प्रेमानें घेतों, हिशेबानेंहि घेतों. आणि ज्यांच्याविषयीं घेतों ते शेजारच्या खोलींत जागे असतात.

पुतण्यानें त्या आठवड्यांतच कंपनीस पत्र लिहिलें. त्यांत होकार नव्हता, नकार नव्हता. त्याच्या अटी होत्या. कांहीं मान्य झाल्या, कांहीं झाल्या नाहींत. वर्षभरानें तो दुसऱ्या संस्थानांतील कारखान्यांत गेला, आणि मुलाच्या शाळेचें ठरवितांना मुलास विचारलें गेलें, असें सूनबाईंनीं पत्रांत मुद्दाम लिहिलें होतें.